वैमानिकांची सेवाज्येष्ठता

विमान वाहतूक कंपनीच्या सेवेत वैमानिक ज्या दिनांकास रुजू झाला, त्या दिनांकाच्या क्रमाने त्याचे स्थान ठरवून त्यावरून त्याची पदोन्नती, विमानाचा प्रकार, कामाचा तळ, मासिक कार्यतालिका, रजा आणि नोकरकपातीतील क्रम निश्चित करण्याची पद्धती. ज्येष्ठतेचा विचार सरकारी कचेऱ्या, शाळा आणि कारखाने यांतही होतो. परंतु तेथे ती अनेक निकषांपैकी एक असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.), कॅनडा व इतर अनेक देशांतील मोठ्या विमान कंपन्यांत मात्र वैमानिकाच्या व्यावसायिक आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका क्रमांकावर अवलंबून असते. हा क्रमांक त्या कंपनीपुरताच असतो. कंपनी सोडली की तो संपतो आणि दुसऱ्या कंपनीत कितीही अनुभवी वैमानिकाला सामान्यतः सर्वांत खालच्या क्रमांकावरून आरंभ करावा लागतो. पद्धतीचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या दोन गोष्टींतून उद्भवतात.

स्वरूप : कंपनीतील सर्व वैमानिकांची एकच ज्येष्ठता सूची असते. एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा आपसांतील क्रम वयावरून किंवा चिठ्ठ्या टाकून लावतात. वरच्या वैमानिकाची निवृत्ती, मृत्यू किंवा राजीनामा यांमुळेच खालच्याचा क्रमांक वर सरकतो. मोठ्या विमानावर कॅप्टनची जागा रिकामी झाली, की ती जाहीर होते. इच्छुक अर्ज करतात आणि त्यांतील ज्येष्ठतमाला ती मिळते. महिन्याच्या उड्डाणांचे वाटपही याच रीतीने होते. ज्येष्ठ वैमानिक सोयीची उड्डाणे, सणासुदीची सुटी व आवडीचा तळ निवडतात; उरलेले कनिष्ठांच्या वाट्याला येते. ज्यांना निश्चित उड्डाणे मिळत नाहीत ते राखीव राहतात, म्हणजे दूरध्वनी येताच विमानतळावर हजर होण्याच्या तयारीत घरी किंवा तळाजवळ थांबतात. नोकरकपात झाल्यास शेवटी आलेला प्रथम बाहेर जातो आणि परत बोलावताना क्रम उलटा होतो.

ज्येष्ठतेने संधी मिळते, पात्रता मिळत नाही, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कॅप्टनपदासाठी अर्ज मान्य झालेल्या सहवैमानिकाला प्रशिक्षण पुरे करून सिम्युलेटरमध्ये व प्रत्यक्ष उड्डाणात परीक्षा द्यावी लागते. अनुत्तीर्ण झाल्यास तो पूर्वपदावर परततो. कॅप्टनचीही वर्षातून साधारणपणे दोनदा कौशल्यचाचणी होते आणि वैद्यकीय तपासणी ठराविक मुदतीने चालूच असते. म्हणून ‘केवळ वर्षे भरल्याने विमान हाती येते’ ही सर्वसाधारण वाचकाची समजूत बरोबर नाही. उत्तीर्ण झालेल्यांमध्ये पुढे कोण, एवढेच ज्येष्ठता ठरविते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पद्धतीचे मूळ अ. सं. सं.मधील रेल्वेच्या इंजिनचालकांच्या संघटनांत आहे. मार्ग, पाळी व इंजिन यांचे वाटप तेथे विमानयुगापूर्वीच ज्येष्ठतेने होत असे. वैमानिकांना तिची निकड का भासली, हे १९१९ मधील एका घटनेवरून स्पष्ट होते. त्या वेळी टपाल खात्याची स्वतःची विमाने होती आणि टपाल वेळेवर पोहोचविण्यावर वरिष्ठांचा कटाक्ष होता. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळील बेलमाँट पार्क येथे दाट धुक्यात उड्डाण करण्यास लीऑन स्मिथ व ई. हॅमिल्टन ली या दोन वैमानिकांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याने त्यांना बडतर्फ केले आणि इतर वैमानिकांनी संप पुकारला. थोड्याच दिवसांत तडजोड होऊन, हवामान संशयास्पद असेल तेव्हा निर्णय वॉशिंग्टनने नव्हे तर विमानतळावरील अधिकाऱ्याने घ्यावा असे ठरले. लीने पुढे दीर्घकाळ उड्डाणे केली व १९४९ मध्ये तो युनायटेड एअरलाइन्समधून निवृत्त झाला. धुक्यात न उडण्याचा निर्णय घेणारा वैमानिक त्याच निर्णयामुळे नोकरी गमावू शकतो, ही गोष्ट मात्र व्यवसायाच्या स्मरणात राहिली.

खाजगी कंपन्यांच्या काळातही हा धोका टळला नाही. मंदीच्या वर्षांत वैमानिक मुबलक व जागा थोड्या होत्या. कोणते विमान, कोणता मार्ग व किती वेतन हे व्यवस्थापकाच्या मर्जीवर असे. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के याच्या पुढाकाराने ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या सेंच्युरी एअरलाइन्समध्ये वेतनकपातीवरून तिचा पहिला मोठा संघर्ष झाला. विमानांचा वेग वाढू लागल्यावर मैलांऐवजी तासांवर वेतन द्यावे असा कंपन्यांचा आग्रह होता. त्या वादावर राष्ट्रीय श्रम मंडळाने १९३४ मध्ये दिलेला ‘निर्णय क्रमांक ८३’ प्रसिद्ध आहे. त्यात मूळ वेतन, उड्डाणाचे तास आणि कापलेले अंतर यांची सांगड घालण्यात आली आणि महिन्याच्या उड्डाणांवर ८५ तासांची मर्यादा घालण्यात आली. वेगवान विमानाला अधिक वेतन हे तत्त्व त्यातून रूढ झाले व पुढे त्यात विमानाच्या वजनाचीही भर पडली. १९२६ चा रेल्वे श्रम कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी संघटनेचा पहिला लेखी करार झाला आणि त्यानंतरच्या करारांतून ज्येष्ठतेचे नियम पक्के होत गेले. मोठ्या विमानाला मोठे वेतन आणि मोठ्या विमानावर जाण्याचा मार्ग ज्येष्ठता, असे हे दोन धागे एकत्र आले.

समर्थन : ज्येष्ठतेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा न्यायाचा नसून सुरक्षिततेचा आहे. हवामान वाईट आहे, इंधन थोडे अधिक घ्यावे, यंत्रातील दोष दुरुस्त झाल्याशिवाय निघू नये, मी थकलो आहे, असे सांगणाऱ्या कॅप्टनमुळे कंपनीला त्या दिवशी तोटा होतो. त्याच्या नकारामुळे कोणता अपघात टळला, हे मात्र कधीच दिसत नाही. पदोन्नती वरिष्ठांच्या मूल्यमापनावर असेल, तर दिसणारा तोटा त्याच्या नावावर जमा होतो आणि न दिसणारा लाभ कुठेच नोंदला जात नाही. ज्येष्ठता सूचीत अशा नोंदीला जागाच नाही. दहा वेळा उड्डाण नाकारणारा व एकदाही न नाकारणारा एकाच गतीने वर सरकतात.

याला जोडून दुसरा मुद्दा येतो : गुणवत्ता मोजावी कशी? विक्रेत्याची विक्री किंवा शल्यचिकित्सकाच्या शस्त्रक्रियांचे परिणाम निदान काही प्रमाणात मोजता येतात. वैमानिकाचे उत्तम काम म्हणजे काहीही न घडणे होय. ठराविक पातळी ओलांडलेल्या शेकडो वैमानिकांमध्ये प्रतवारी लावण्यासाठी इंधनाची बचत किंवा वेळेवरची निर्गमने असे आकडे वापरले, तर ते नेमक्या नको त्या वर्तनाला उत्तेजन देतील. उरतो तो परीक्षकाचा अभिप्राय. त्यात ओळख, आवडनिवड व वशिला यांचा शिरकाव होण्यास वेळ लागत नाही. एकाच कक्षात बसणारे दोघे पदोन्नतीसाठी एकमेकांचे स्पर्धक नसतात, हाही लाभ थोडा नाही. कॅप्टनची चूक सहवैमानिकाने निःसंकोच दाखवावी, ही अपेक्षा २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे दोन जंबो विमानांच्या टकरीत ५८३ जण मृत्युमुखी पडल्यानंतर प्रशिक्षणात विशेष दृढ झाली. ज्याची बढती त्या कॅप्टनच्या शेऱ्यावर अवलंबून नाही, अशा सहवैमानिकाला ती पाळणे सोपे जाते.

आक्षेप : ज्येष्ठता निष्पक्ष असली, तरी प्रारंभ निष्पक्ष होता किंवा नाही हे ती विचारत नाही. अ. सं. सं.मध्ये कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना मोठ्या कंपन्यांच्या विमानकक्षात दीर्घकाळ प्रवेश नव्हता. वर्णभेदाविरुद्ध लढणारा मार्लन ग्रीन हा वैमानिक १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाला व १९६५ मध्ये काँटिनेंटलमध्ये रुजू झाला; एमिली हॉवेल हिला फ्राँटियर एअरलाइन्सने १९७३ मध्ये घेतले. उशिरा आलेल्यांचा क्रमांक उशिराचाच राहतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने प्रामाणिकपणे राबविलेल्या ज्येष्ठता पद्धतीला संरक्षण दिले आहे. विवाह केल्यामुळे १९६८ मध्ये राजीनामा द्यावा लागलेल्या आणि १९७२ मध्ये पुन्हा घेतलेल्या युनायटेडच्या एका हवाई सेविकेला जुनी ज्येष्ठता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये नकार दिला, तो याच आधारावर. वैमानिकांच्या सूचीलाही हेच तत्त्व लागू पडते. दुसऱ्या बाजूस, एकदा सूचीत प्रवेश मिळाला की वेतन व बढती यांत स्त्री-पुरुष भेदाला वाव राहत नाही, हेही मान्य करावे लागते.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पद्धतीला दुसरी बाजू आहे. कामाची निवड वरून खाली होत असल्याने पहाटेची, रात्रीची, सुट्यांतली व बर्फाळ हवामानातली उड्डाणे नव्यांकडे येतात आणि राखीव कॅप्टन व राखीव सहवैमानिक हे दोघेही त्या विमानावर नवखे असण्याचा संभव वाढतो. १५ नोव्हेंबर १९८७ रोजी डेन्व्हर येथे हिमवर्षावात काँटिनेंटल कंपनीचे डीसी-९ विमान उड्डाण करताच कोसळून २८ जण ठार झाले. सहवैमानिकाला त्या विमानाचा अवघा ३६ तासांचा अनुभव होता आणि कॅप्टनही त्या पदावर नवा होता. चौकशीत अशा जोडीवर बोट ठेवण्यात आले. कॅप्टन किंवा सहवैमानिक यांपैकी एकाला तरी त्या प्रकारच्या विमानावर ७५ तासांचा अनुभव असावा, असा नियम १९९५ मध्ये तेथे करण्यात आला. म्हणजे ज्येष्ठतेच्या मुक्त निवडीला कायद्याने मर्यादा घालावी लागली.

कंपन्यांचा मुख्य आक्षेप खर्चाचा असतो. समजा, बोइंग ७७७ चा एक कॅप्टन निवृत्त झाला. त्याच्या जागी एअरबस ३२० चा कॅप्टन येतो. त्या कॅप्टनच्या जागी ७७७ चा सहवैमानिक, त्याच्या जागी ३२० चा सहवैमानिक आणि शेवटी नवा उमेदवार. एका निवृत्तीमुळे चौघांना नव्याने शिकवावे लागते, आणि त्या काळात त्यांना वेतन चालू असून उड्डाणे मात्र बंद असतात. यासाठी एका विमानावर आल्यावर ठराविक काळ दुसरीकडे अर्ज करता येणार नाही, असे बंधन करारांत घालतात. ‘युपीएस’ या मालवाहू कंपनीने विमान कोणतेही असो, कॅप्टनला कॅप्टनचे व सहवैमानिकाला सहवैमानिकाचे एकच वेतनमान ठेवले आहे. त्यामुळे केवळ वेतनासाठी विमान बदलण्याचे कारण उरत नाही.

उलट प्रकारही आढळतो. सहवैमानिकांच्या सूचीत वर पोहोचलेल्याला कॅप्टन होणे म्हणजे नव्या सूचीच्या तळाशी जाणे असते : पैसा अधिक, पण पुन्हा राखीव काम, गैरसोयीचा तळ आणि सणाच्या दिवशी घराबाहेर. २०२२-२३ मध्ये, वैमानिकांची सर्वत्र टंचाई असताना, युनायटेडमध्ये कॅप्टनच्या अनेक जागांना पुरेसे अर्ज आले नाहीत, यामागे हेच कारण होते.

वैमानिकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी किंमत गतिशीलतेची आहे. वीस वर्षे एका कंपनीत काढलेला कॅप्टन दुसरीकडे गेल्यास पुन्हा सहवैमानिक होतो व नवशिक्याचे वेतन घेतो. कंपनी डबघाईस आली तरी तो सोडून जाऊ शकत नाही; वेतनकपात स्वीकारणे त्याला अधिक परवडते आणि व्यवस्थापनाला हे ठाऊक असते. व्यवस्थापनाच्या मर्जीपासून संरक्षण देणारी पद्धती अशा रीतीने त्याच व्यवस्थापनाच्या हाती एक दोर देते. १९७८ मध्ये अ. सं. सं.मध्ये विमान वाहतूक नियंत्रणमुक्त होईपर्यंत मोठी कंपनी सहसा बुडत नसे, म्हणून हा दोष झाकलेला होता. नंतर ब्रॅनिफ (१९८२), ईस्टर्न व पॅन अमेरिकन (दोन्ही १९९१) बंद पडल्या आणि पन्नाशीतील अनेक कॅप्टनांना पंचविशीतील तरुणांबरोबर रांगेत उभे राहावे लागले.

निवृत्तीच्या वयातील बदलाचाही येथे विलक्षण परिणाम होतो. अ. सं. सं.मध्ये १९६० पासून साठ वर्षांची मर्यादा होती. डिसेंबर २००७ मध्ये ती पासष्ट झाली. सूचीच्या शिरोभागी असलेल्यांना सर्वोच्च वेतनाची आणखी पाच वर्षे मिळाली, तर मधल्यांची व खालच्यांची पाच वर्षे जागच्या जागी गेली. ही मर्यादा सदुसष्ट करण्याचा प्रस्ताव २०२३-२४ मध्ये पुढे आला, तेव्हा वैमानिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनेच त्याला विरोध केला. तो प्रस्ताव २०२४ च्या कायद्यात समाविष्ट झाला नाही.

विलीनीकरण : एका कंपनीत निर्विवाद वाटणारी सूची, दुसऱ्या कंपनीच्या सूचीशी जोडताच वादग्रस्त ठरते. रुजू होण्याच्या दिनांकाने दोन्ही मिसळाव्यात, तर जुन्या व खंगलेल्या कंपनीचे वैमानिक वाढत्या कंपनीच्या वैमानिकांच्या डोक्यावर बसतात. प्रत्येकाचे आपल्या सूचीतील सापेक्ष स्थान राखावे, तर दीर्घ सेवेला मोल राहत नाही. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा त्या कंपनीच्या वैमानिकांतील एक मोठा गट सूचीच्या अखेरीस जोडला गेला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या नोकरकपातीत तो प्रथम बाहेर पडला. यातूनच २००७ चा मॅकॅस्किल-बाँड कायदा झाला. दोन सूची ‘न्याय्य व समतोल’ रीतीने जोडाव्यात आणि एकमत न झाल्यास लवाद नेमावा, अशी तरतूद त्यात आहे.

तथापि लवादाने प्रश्न सुटतोच असे नाही. २००५ मध्ये यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पहिलीचे वैमानिक जुने, पण कंपनी दिवाळखोरीत आणि शेकडो वैमानिक नोकरकपातीत. दुसरीचे वैमानिक तरुण, पण सर्व कामावर. जॉर्ज निकोलाऊ या लवादाने मे २००७ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार यूएस एअरवेजच्या सुमारे ५०० ज्येष्ठतम वैमानिकांना शिरोभागी ठेवून, कपातीतील वैमानिकांना अखेरीस घालून, मधल्यांची जुळणी सापेक्ष स्थानानुसार करण्यात आली. परिणामतः सोळा-सतरा वर्षांपूर्वी रुजू झालेला सहवैमानिक दुसऱ्या कंपनीत नुकत्याच आलेल्याच्या खाली गेला. लवादाच्या दृष्टीने पहिल्याकडे विलीनीकरणापूर्वी नोकरीच नव्हती. त्याच्या दृष्टीने त्याचे अर्धे आयुष्य पुसले गेले. बहुसंख्य असलेल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी २००८ मध्ये जुनी संघटना सोडून नवी स्थापन केली आणि प्रकरण न्यायालयांत गेले. एकाच नावाच्या कंपनीत दोन गट वेगवेगळ्या करारांखाली अनेक वर्षे उडत राहिले व दोघांचीही वेतनवाढ अडकून पडली. २०१३ मध्ये त्या कंपनीचे अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यानंतर, २०१६ मध्ये नव्या लवादाने तिन्ही गटांची एक सूची केली. याउलट डेल्टा व नॉर्थवेस्ट यांच्या २००८ मधील विलीनीकरणात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लवादाचा निर्णय झाला आणि तो पाळला गेला. दोन्ही कंपन्यांची स्थिती साधारण सारखी होती, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

भारतातील स्थिती : भारतात या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ मधील विलीनीकरण होय. मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडिया परदेशी मार्गांवर मोठी विमाने चालवी. इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशांतर्गत मार्गांवर लहान विमाने चालवी. लहान विमानांच्या ताफ्यात कॅप्टनपद लवकर मिळे, तर मोठ्या विमानांवर वेतन व भत्ते वेगळे होते. वैमानिकांच्या संघटनाही दोन होत्या : एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड व इंडियन एअरलाइन्सची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. वेतनात समानता मिळावी यासाठी दुसरीने २०११ मध्ये संप केला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीने दोन्हींच्या सेवाशर्ती एकत्र करण्याविषयीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये सादर केला. नव्या बोइंग ७८७ विमानाच्या प्रशिक्षणात दोन्ही गटांना समान वाटा देण्याच्या निर्णयामुळे आपली कॅप्टनपदाची संधी लांबेल, असे गिल्डच्या वैमानिकांचे म्हणणे होते. मे २०१२ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप ५८ दिवस चालला. बाहेरून पाहणाऱ्यास तो एका विमानाच्या प्रशिक्षणाचा क्षुल्लक वाद वाटला. प्रत्यक्षात तो क्रमांकाचा, म्हणजे पुढील वीस-पंचवीस वर्षांचा वाद होता.

भारतातील खाजगी कंपन्यांचा ताफा इतक्या वेगाने वाढत गेला, की पुरेसे कॅप्टन आतून तयार होणे कठीण झाले. त्यामुळे बाहेरच्या अनुभवी वैमानिकाला थेट कॅप्टन म्हणून घेण्याची प्रथा पडली. परदेशी वैमानिकांना यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तात्पुरती अनुज्ञा देते. किंगफिशर (२०१२) व जेट एअरवेज (एप्रिल २०१९) यांची उड्डाणे थांबल्यावर त्यांच्या अनेक कॅप्टनांना ही प्रथा उपकारक ठरली. मात्र अशा नेमणुकीमुळे कंपनीत आधीपासून वाट पाहणाऱ्या सहवैमानिकाची संधी पुढे ढकलली जाते.

पर्याय : युरोपातील रायनएअर व आखातातील एमिरेट्स या कंपन्यांनीही थेट कॅप्टन नेमले आहेत. ज्येष्ठता पूर्णपणे सोडून देणाऱ्या मोठ्या कंपन्या थोड्याच. बहुतेक ठिकाणी उड्डाणाचे तास, परीक्षेतील कामगिरी व निवड समितीचा अभिप्राय यांची ज्येष्ठतेला जोड देतात. सर्व कंपन्यांसाठी देशभर एकच सूची असावी, म्हणजे कंपनी बदलली वा बुडली तरी वैमानिकाचा क्रमांक टिकेल, अशी कल्पना अ. सं. सं.मधील संघटनेत अनेकदा मांडली गेली आहे. तिच्यातील अडचण उघड आहे. बाहेरचा ज्येष्ठ वैमानिक आपल्या वर येऊन बसावा, हे भरभराटीच्या कंपनीतील वैमानिकांना मान्य होत नाही, आणि अधिक वेतनाचा जुना वैमानिक घेण्यापेक्षा नवा घेणे कंपनीला स्वस्त पडते. ज्यांना अशा सूचीची गरज असते, त्यांची कंपनी तोपर्यंत बहुधा बंद झालेली असते आणि संघटनेत त्यांचे मत उरलेले नसते.